पहिल्या पंगतीचा फोटो



मराठी घरांतल्या जुन्या अल्बममध्ये सणाच्या जेवणाचे फोटो जवळजवळ नसतात. हे ऐकून समोर दोन-चार भुवया वर गेल्या, त्या मला इथून दिसल्या. दिवाळीचे फोटो आहेत की आमच्याकडे, असं तुम्ही म्हणाल. आहेत, माझ्याकडेही आहेत. घरी गेल्यावर ते काढून नीट बघा. अंगणात नाहीतर गच्चीत ओळीने उभी केलेली मुलं, एकाच ताग्यातल्या कापडाचे शिवलेले सदरे आणि झगे, हातात न पेटवलेली फुलबाजी. मागे खुर्च्यांवर वडीलमंडळी. एखाद्या फोटोत फराळाचं ताट असतं, पण तेही कोणीतरी छातीशी धरलेलं, आणि त्यातली करंजी अजून अख्खी. तोंडात घास असलेला माणूस शोधून सापडत नाही.

तरीसुद्धा हेच फोटो बघत आपण म्हणतो, काय ती जेवणं होती! फोटोत जेवण नाही आणि आठवण मात्र जेवणाची, असा हा मामला आहे. ज्या शिक्षिकाबाईंच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत, त्यांना जुने फोटो जमवण्याचा नाद होता आणि सुगरण म्हणूनही त्यांचं नाव होतं. त्यांच्या घरच्यांनी मला विषय सुचवला तो असा, की फोटो आणि सणाचा स्वयंपाक या दोन्हींवर एकत्र बोला. मला तो सोपा वाटला. मग ओळखीच्या घरांतून अल्बम मागून आणले, आणि पानं उलटता उलटता एक प्रश्न डोक्यात बसला. ही जी सणाच्या जेवणाची आठवण आपण सगळे मिरवतो, ती नेमकी कोणाची आठवण आहे?

तिथवर जायच्या आधी, फोटो का नाहीत ते बघू. पहिलं कारण अगदी व्यवहारातलं आहे, ते म्हणजे उजेड. साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरात कॅमेरा असलाच तर तो बहुधा अ‍ॅग्फा क्लिक थ्री असायचा, बडोद्यात तयार झालेला. 120 च्या रोलवर त्याचे 12 चौकोनी फोटो निघत. ऊन असेल तर एक खूण, ढग असतील तर दुसरी, एवढंच काय ते शास्त्र. घराच्या आत त्याचं काही चालत नसे. फ्लॅशचा बल्ब एकदा उडाला की फेकून द्यायचा, म्हणून तो चैनीचा आणि लग्नातल्या फोटोग्राफरचा. रोलही सहज मिळत नसे. सरकारने 1960 मध्ये उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना काढला, तिथून ‘इंदू’ नावाची फिल्म पुढे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात येऊ लागली. तरी एका रोलमधले 12 फोटो गणपतीपासून मुंजीपर्यंत पुरवायचे, ही रीत काही बदलली नाही. रोल संपेपर्यंत धुवायला टाकायचा नाही, त्यामुळे एकाच पाकिटातून गौरीचे मुखवटे आणि संक्रांतीचे हलव्याचे दागिने बाहेर पडत.

आता सणाचं वेळापत्रक बघा. नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान सूर्योदयाच्या आधी. कारीट फोडून, उटणं चोळून, कुडकुडत बाहेर आलेली मुलं फराळाला बसतात तेव्हा बाहेर फटफटतही नसतं. कॅमेऱ्याला पुरेल इतकं ऊन अंगणात येईपर्यंत चिवड्याचा डबा परत फळीवर गेलेला असतो. दुपारचं मोठं जेवण माजघरात किंवा स्वयंपाकघरात, आणि जुन्या वाड्यात माजघर म्हणजे सगळ्यांत काळोखी खोली, भर दुपारी हात चाचपडत जायची. संध्याकाळी पणत्या, त्या तर क्लिक थ्रीच्या हिशेबी नव्हत्याच. सणातला जेवणाचा प्रत्येक प्रसंग उन्हाला चुकवून घडत होता. याला अपवाद लग्नामुंजीच्या पंगतींचा. त्या मांडवात, दिवसाउजेडी, आणि हाताशी पैसे मोजून आणलेला फोटोग्राफर. म्हणून आपल्याकडे पंगतीचा म्हणून जो फोटो सापडतो, तो दहापैकी नऊ वेळा मांडवातला असतो आणि पुढे आठवणीत तोच दिवाळीचा होऊन बसतो.

दुसरं कारण मात्र उजेडाचं नाही. जेवणाऱ्याकडे टक लावून बघू नये, त्याला दृष्ट लागते, हे आपल्याला लहानपणी शिकवलेलं असतं. मग त्याच्याकडे भिंगातून बघणं तर दूरच राहिलं. शिवाय सोवळं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी चपलेचाही संबंध नको, तिथे कातड्याच्या पिशवीतला कॅमेरा आणि बाहेरून आलेला माणूस कोण येऊ देणार? लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपल्या वडिलांच्या सोवळ्याचं जे वर्णन केलंय, मीठ-गूळही धुऊन घेण्यापर्यंत गेलेलं, ते वाचलेल्याला हे वेगळं सांगायला नको. त्या घरात काय शिजत होतं आणि कोण कसं जेवत होतं, हे आपल्याला आज कळतं ते लक्ष्मीबाईंच्या लेखणीतून. फोटोतून ते कधीच कळलं नसतं.

मुंबईला फोटोग्राफी उशिरा आली, असंही नाही. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे 1854 मध्ये सुरू झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते, ते स्वतः उत्तम फोटो काढत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. म्हणजे यंत्र होतं, शिकलेली माणसंही होती. पण त्या काळी कोण कोणाबरोबर जेवलं याचा पुरावा ही धास्तीची गोष्ट होती. 1849 मध्ये मुंबईत निघालेल्या परमहंस सभेचे सभासद परजातीच्या हातचा पाव खात, पण दार लावून. पुढे सभासदांची यादी चोरीला गेली आणि नावं फुटण्याच्या भीतीनेच सभा मोडली. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं दिली गेली, तेव्हा रानडे आणि टिळक दोघेही तिथे होते. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली. त्यावरून पुण्यात ग्रामण्य झालं, प्रायश्चित्ताची वेळ आली. त्या चहाचा फोटो नाही, पण छापलेली नावांची यादी पुरेशी बोलकी होती. जेवताना दिसणं हे असं महाग पडू शकत होतं.

याची उलट बाजू पुढे सहभोजनांत दिसते. 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने समाज समता संघ स्थापन झाला, रत्नागिरीत सावरकरांनी सहभोजनं घडवली. इथे लपून जेवण्यात काही अर्थच नव्हता. कोण पंगतीला बसलं हे गावाला कळावं म्हणूनच ती पंगत होती. रत्नागिरीत जेवलेल्यांची नावं मुद्दाम वर्तमानपत्रात छापायला देत. एकाच प्रांतात, चाळीस-पन्नास वर्षांच्या अंतराने, जेवलेल्यांच्या यादीचा एकदा बडगा होतो आणि एकदा जाहीरनामा. मला तर वाटतं, आपल्या पंगतीचा इतिहास लिहायचा झाला तर पदार्थांच्या आधी या याद्यांपासून सुरुवात करावी.

आता आपल्या पंगतींच्या थोडं बाहेर बघू. कौटुंबिक सणाच्या जेवणाचं जगातलं सगळ्यांत प्रसिद्ध चित्र कुठलं, असं विचारलं तर अमेरिकेतल्या नॉर्मन रॉकवेलचं नाव घ्यावं लागेल. थँक्सगिव्हिंगचं टेबल, पांढरीशुभ्र चादर, एप्रन बांधलेली आजी भली मोठी भाजलेली टर्की ठेवते आहे, मागे आजोबा, दोन्ही बाजूंना हसरी तोंडं. रूझवेल्टनी 1941 च्या भाषणात सांगितलेल्या चार स्वातंत्र्यांपैकी हे अभावापासूनच्या मुक्तीचं चित्र. मार्च 1943 मध्ये ते ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये छापून आलं. हे चित्र फोटोंवरून रंगवलेलं आहे. व्हरमाँटमधल्या आपल्या गावच्या शेजाऱ्यांना रॉकवेलने वेगवेगळं बसवून फोटो काढून घेतले. टर्की घेऊन उभी असलेली आजी म्हणजे त्याच्या घरची स्वयंपाकीण. म्हणजे ज्या जेवणाची आठवण एक अख्खा देश आपली मानतो, ते जेवण त्या टेबलाभोवती कधी झालंच नाही. टेबलावर टर्कीखेरीज फारसं काही नाही, पेल्यांत नुसतं पाणी. तरी युद्धात उपासमार सोसणाऱ्या युरोपला ते चित्र खुपलं, तिथे ते मिजाशीचं वाटलं.

आणि 1943 म्हटल्यावर आपल्याला वेगळेच फोटो आठवायला हवेत. त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात माणसं रस्त्यावर मरत होती. मृत्यूचे अंदाज 20 ते 30 लाखांपर्यंत जातात. सुनील जाना ते फोटो काढत होते आणि ते मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’मध्ये छापले जात. मुंबईत त्याच वर्षी रेशनिंग सुरू झालं. पुढे चार-पाच दशकं मराठी घराचं पंचांग एका भिंतीवर आणि रेशनकार्ड दुसऱ्या भिंतीवर, असा संसार चालला. ते कार्ड डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय फराळाच्या ताटाचा फोटो वाचता येत नाही, असं माझं मत आहे.

कारण जुन्या काळी रेलचेल होती, हा समज फोटोच खोटा पाडतात. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्री एक वेळ उपास करायला सांगितलं, आणि लोकांनी केला. अमेरिकेचा गहू पीएल 480 च्या करारातून येत होता. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीच्या खडी केंद्रावर सुकडी वाटली जात होती आणि रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोच्या भाकरीने पोरांची पोटं दुखत होती. लग्नाच्या पंगतीत किती पाहुणे बसवायचे यावर सरकारी मर्यादा होती. दिवाळीला रेशनवर थोडी जादा साखर, रवा, मैदा, पामतेल मिळे, त्यासाठी पिशव्यांची रांग लागे. त्या काळातल्या फोटोंच्या कोपऱ्यात बघा, पिवळा डबा दिसेल, त्यावर हिरवं माडाचं झाड. डालडा 1937 पासून आपल्याकडे आला आणि तुपातल्या फराळाच्या गप्पा मारणाऱ्या कितीतरी घरांतल्या चकल्या त्यातच तळल्या गेल्या. डबा रिकामा झाला की त्यात चिवडा, चिवडा संपला की तळाला भोकं पाडून तुळस. शंकरपाळे इतके गोड का आठवतात? कारण उरलेले अकरा महिने ते दिसत नसत. आज बारा महिने दुकानात पाकीट लटकलेलं असतं, आणि आपण तक्रार करतो की पूर्वीची चव राहिली नाही. चव गेली ती मुख्यतः वाट बघण्याबरोबर गेली.

ज्या घरांत ना अल्बम होता ना तळणीची कढई, त्यांच्या सणाचं काय? बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ वाचा, आणि त्या पिढीची इतर दलित आत्मकथनंही. त्यांत गावचा सण येतो तो बहुधा मागून आणलेल्या, उरलेल्या अन्नाच्या बाजूने येतो. पुढे अशा कितीतरी घरांच्या भिंतीवर पहिला फोटो लागला तो बाबासाहेबांचा. सण-जेवणाची गोड आठवण ही सगळ्या महाराष्ट्राची म्हणून सांगितली जाते, तेव्हा सांगणारा कुठल्या आळीत वाढला हे विचारायला हरकत नाही.

आता माझ्या माहेरच्या एका फोटोकडे येते. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घराची पडवी. दिवाळीचा पाडवा. पडवी पूर्व-दक्षिण कोपऱ्याला उघडी, म्हणून दुपारचं ऊन आत आलंय आणि एरवी अशक्य असलेला हा फोटो निघालाय. पाटांवर सात जण. माझे आजोबा, त्यांचे दोन भाऊ, माझे वडील बनियनमध्ये, आणि शेवटी तीन मुलगे. केळीची पानं, कडेने रांगोळी. पानाच्या डाव्या अंगाला लिंबाची फोड आणि चटणी, उजवीकडे भाजी, मध्ये भाताची मूद. वाटीत काहीतरी पांढरं आहे. काळ्यापांढऱ्या फोटोत ते श्रीखंड आहे, बासुंदी आहे की मठ्ठा, ते सांगता येत नाही. सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, कोणीही जेवायला सुरुवात केलेली नाही. आणि फोटोच्या उजव्या कडेला कोपरापासून कापलेला एक हात आहे. हातात पळी, मनगटावर बांगड्या आणि एक पाटली, पदराचं टोक.

हा हात कोणाचा, यावरून आमच्याकडे एका संध्याकाळी चांगलीच खडाजंगी झाली. आत्या म्हणाली माझा. काकू म्हणाली माझाच, दुसरा कोणाचा असणार. आईने फोटो खिडकीशी नेला, चष्मा पुसला आणि म्हणाली, “वन्सं, तुम्ही वाढत कशाला असाल, माहेरपणाला आला होतात ना?” असं आत्याला, आणि काकूला, “तू त्या वर्षी बाळंतपणाला गेलेलीस.” मग पाटलीवर बोट ठेवून म्हणाली, “ही माझी. धाकट्या भावजींच्या कॉलेजची फी भरायला मोडली ती.” चेहरा फोटोत आला नाही, पण मोडलेल्या दागिन्यावरून बाई ओळखू आली. मी तिला विचारलं, त्या दिवशी तू काय जेवलीस? तिला आठवायला अजिबात वेळ लागला नाही. “ताकभात. श्रीखंड मुलांनी पुन्हा मागितलं, संपलं.” आत्या गप्प बसली. वडील त्या फोटोकडे बघून आयुष्यभर ते श्रीखंड वर्णन करत आले होते.

बायकांची पंगत शेवटी, हे आपण सगळे जाणतो. त्या पंगतीचा फोटो का नाही, याचा विचार कमी करतो. तोपर्यंत दुपारचे तीन वाजलेले, ऊन पडवीतून सरकलेलं, कॅमेरावाले काका पान खाऊन आडवे झालेले. पानं मांडायला रांगोळी नाही, पाटही असतील तर ठीक. भांड्याच्या तळाशी जे असेल ते एकमेकींना वाढून घ्यायचं, मग उष्टी काढायची, शेण लावायचं, भांड्यांचा ढीग उपसायचा. यातलं काहीच त्या वेळी फोटो काढण्यासारखं कोणाला वाटलं नाही. त्या पंगतीत हशा मात्र जास्त होता, असं मला वयस्कर बायकांनी सांगितलंय. नवऱ्यांच्या नकला तिथेच व्हायच्या. ही आठवण जिवंत आहे, तिला फक्त चित्र नाही.

बायका पहिल्या पंगतीला बसतच नसत असं मात्र नाही, आणि हा भाग मला फार रंजक वाटतो. सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलेली बाई आधी जेवते. मंगळागौरीच्या वशेळ्या मौनाने का होईना पण मानाने जेवतात. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हं घेऊन बायका ऐसपैस बसतात, आणि ती वेळ टळटळीत दुपारची असल्यामुळे त्यांचे फोटोही सापडतात. अल्बममध्ये हसणाऱ्या, खाणाऱ्या, पाय पसरलेल्या बायका बघायच्या असतील तर चैत्राचं पान काढावं. पण हे सगळे मान दुसऱ्याच्या घरातले. स्वतःच्या घरी ती वाढणारी. आणि विधवा बाईला तर तेही नाही. सोवळ्याचा सगळा स्वयंपाक बहुधा तिच्याकडे, चुलीपाशी पहाटेपासून तीच, आणि शुभकार्याच्या पंगतीत, फोटोत, तिला जागा नाही. आलवणातल्या या बायका एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या किती मेजवान्यांच्या खऱ्या कर्त्या होत्या. त्यांच्या हातचं जेवून तृप्त झालेल्यांनी आत्मचरित्रं लिहिली.

फोटोत नसलेलं आणखी एक माणूस म्हणजे फोटो काढणारा. बहुतेक घरांत हे मुंबईचे काका असत. अख्ख्या अल्बममध्ये काका दिसतच नाहीत. एखादाच फोटो असा असतो, की ज्यात जमीन तिरकी झाली आहे आणि काका ताठ उभे आहेत. तेवढा एक कोणा मुलाने काढलेला असतो. कॅमेरा बाईच्या हातात असलेलं घर दुर्मीळ. होमाई व्यारावालांसारखी जे. जे. स्कूलमध्ये शिकलेली छायाचित्रकार असली, तरी तिचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावाने. पुढे पंतप्रधानांचे आणि राजदूतांचे फोटो तिने काढले, ती गोष्ट वेगळी. घरातल्या बाईने कॅमेरा धरला असता तर तिने कुठे उभं राहून काय टिपलं असतं, हे मला बघायला आवडलं असतं. बहुतेक तिने आधी कढईचा फोटो काढला असता.

वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांतले नाताळचे काही फोटो मी पाहिले. तिथे टेबल आहे, टेबलामुळे सगळे एका उंचीवर आले आहेत, आणि बाई चौकटीत आली आहे. पण पाहिले त्यांपैकी बऱ्याच फोटोंत ती खुर्चीच्या मागे उभी आहे. ताटातली नेवरी आणि आपली करंजी सख्ख्या बहिणी. शेजारच्या हिंदू घरी नाताळच्या गोडाधोडाचं, म्हणजे कुसवाराचं ताट आणि तिकडून दिवाळीला फराळाचं ताट, विणलेल्या रुमालाने झाकलेलं, ही ने-आण करणारी मुलगीही कुठल्याच फोटोत नाही. ताट रिकामं परत द्यायचं नाही म्हणून तिला पाचेक मिनिटं दारात ताटकळावं लागे.

परदेशी गेलेल्यांचं वेगळंच झालं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 सालचं आहे. अमेरिकेत 1965 नंतर कायदा बदलल्यावर आपली डॉक्टर-इंजिनियर मंडळी गेली. त्यांची दिवाळी जवळच्या शनिवारी, कोणाच्या तरी तळघरात, अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये. इथे फ्लॅश आहे, रंगीत फिल्म आहे, सगळे उभ्याने जेवताहेत, बायकाही. आणि हे फोटो घरी आईवडिलांना पाठवायचे म्हणून मागे लिहिलेलं असतं: डावीकडून कोण, कुठलं शहर, चकलीची भाजणी कोणी कशी जमवली. माझ्या पाहण्यातले सगळ्यांत नीट नोंदवलेले दिवाळीचे फोटो हे असे टपालाने इकडे आलेले आहेत. आपण इथे राहणाऱ्यांनी मागे काही लिहिलं नाही, कारण आपल्याला वाटलं की हे लोक कोण ते सगळ्यांना माहीतच असणार.

रंगीत फोटोंबद्दल एक सावधगिरीची सूचना इथेच देते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो आता तांबूस-गुलाबी दिसतात. त्यातला निळसर रंग आधी उडतो आणि लाल उरतो. त्यावरून तो काळच उबदार, सोनेरी होता असं वाटू लागतं. जिलबी अधिक केशरी, आजीचं लुगडं अधिक तांबडं. हा रसायनांचा परिणाम आहे, पण आपण तो काळाच्या खात्यावर जमा करतो. आणि आता फोनमध्ये अंधाराचा प्रश्न नाही, रोल संपायचा प्रश्न नाही. ताट आलं की आधी फोनला नैवेद्य. पदार्थ इतक्या जवळून, इतका झळझळीत, की माणसंच चौकटीबाहेर गेली. आपल्या नातवंडांना आपण कोणाबरोबर जेवलो हे कळणार नाही, काय जेवलो ते मात्र तपशिलात कळेल.

जुन्या जेवणांची ओढ खोटी आहे असं मी म्हणत नाही. माझ्या वडिलांचं श्रीखंड खरंच तितकं चांगलं असणार. मी एवढंच म्हणते, की ती बसलेल्यांची आठवण आहे, आणि तिला आपण घराची आठवण म्हणतो. वाढणाऱ्यांची आठवण अजून विचारता येते. ज्या पिढीने ती पंगत वाढली, त्यातल्या काही जणी अजून आहेत, त्यांचं डोकं शाबूत आहे, आणि त्यांना कोणी हे विचारलेलं नाही.

म्हणून आपल्याला विनंती. या दिवाळीत अल्बम काढाल तेव्हा घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला शेजारी बसवा. हे कोण, ते कोण, हे तर विचाराच. त्याचबरोबर प्रत्येक फोटोपाशी विचारा, तेव्हा तुम्ही कुठे होतात, चूल कोणाकडे होती, किती माणसांचं होतं, सामान कुठून आणलं होतं, आणि शेवटी तुमच्या वाट्याला काय आलं. ऐंशीच्या दशकातले चिकट पानांचे, वर प्लास्टिकचा कागद असलेले अल्बम असतील तर त्यातून फोटो ओढून काढू नका, गोंद फोटोचा थर घेऊन येतो. तिथल्या तिथे फोनने त्याचा फोटो काढा. सुटे फोटो असतील तर मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, ते पुढे उमटतं. नंतरच्या काळातल्या प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उठत नाही, तेव्हा तो मजकूर पाकिटावर लिहा. आणि आधी पाकिटावर लिहून मग फोटो आत घाला, नाहीतर लिहिताना दाब पडून चेहऱ्यावर ओरखडे उठतात.